मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि रिपोर्टमधली प्रोटीनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेलं आतडं आणि बायोप्सीचे तुकडे तपासून रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. रिपोर्ट घेऊन गेलेली माणसं बऱ्याचदा तासाभरात पुन्हा काउंटरवर उभी असतात, कारण त्यातल्या तीन-चार अक्षरी नावांचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो. मागे अक्कलकोटकडचे एक काका सीईए या रक्ततपासणीचा कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घालून आले होते. आकड्यापुढे ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’, छापलेला. कागद पुढे करून त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, किती दिवस?” त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नव्हतंच. कुठल्या कागदावर कशाचं उत्तर असतं, ते इथे लिहिते आहे. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असावं.

प्रोटीन मार्कर म्हणजे नेमकं काय?

शरीरातली प्रत्येक पेशी प्रोटीनं तयार करते. कॅन्सरची पेशी त्यातली काही जास्त करते, काही करायची थांबवते. हा फरक मोजता किंवा पाहता आला की त्या प्रोटीनला मार्कर म्हणतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये तुमच्या फाईलमध्ये दोन तऱ्हेचे मार्कर दिसतील. एक रक्तात मोजायचा, म्हणजे सीईए. दुसरे गाठीच्या तुकड्यावर रंग चढवून मायक्रोस्कोपखाली पाहायचे; त्या तपासणीला आयएचसी म्हणतात. केआरएएस, बीआरएएफ ही नावं असलेला तिसरा कागद बहुतेक वेळा जनुकांचा असतो, त्याबद्दल पुढे येईल. हे तीन कागद एकमेकांत मिसळू देऊ नका, तिथूनच निम्मा गोंधळ सुरू होतो.

सीईए वाढलंय. म्हणजे कॅन्सर आहेच का?

नाही. १९६५ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी हे प्रोटीन शोधलं, तेव्हा एका रक्ततपासणीवर आतड्याचा कॅन्सर ओळखता येईल अशी मोठी आशा होती. ती फळाला आली नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं सीईए थोडं वर असतंच. म्हणून बिनव्यसनी माणसासाठी साधारण ३ आणि ओढणाऱ्यासाठी मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम ही मर्यादा धरतात. काविळीत, लिव्हरच्या जुन्या आजारात, स्वादुपिंडाला सूज असताना, आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही ते वाढतं. फुप्फुस, स्तन, जठर, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरमध्येही वाढतं. उलट आतड्यात सुरुवातीचा कॅन्सर असलेल्या कितीतरी जणांचं सीईए अगदी नॉर्मल येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तब्येत धडधाकट असताना ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सीईए करू नका. ६ आलं म्हणून महिनाभर झोप उडालेली माणसं मी पाहिली आहेत. पण माझा जीव तुटतो तो ‘सीईए नॉर्मल आहे ना’ म्हणत संडासवाटे जाणारं रक्त अंगावर काढणाऱ्यांसाठी.

मग ही तपासणी करायची तरी कशाला?

निदान झाल्यावर तिचा खरा उपयोग सुरू होतो. ऑपरेशनच्या आधी एकदा सीईए करूनच घ्या. ते राहून गेलं तर पुढच्या सगळ्या आकड्यांची तुलना कशाशी करायची? ऑपरेशनआधी सीईए ५ च्या वर असेल तर त्याच स्टेजच्या इतर रुग्णांपेक्षा आजार परतण्याचा धोका काहीसा जास्त धरतात. पण ऑपरेशननंतर ते खाली आलं, तर अशा रुग्णांची पुढची वाटचाल मुळातच नॉर्मल असलेल्यांसारखी राहू शकते. खाली आलंच नाही, तर कुठेतरी आजार उरला आहे का हे शोधावं लागतं.

खाली यायला वेळ लागतो. रक्तातलं हे प्रोटीन ओसरायला काही आठवडे जातात, म्हणून टाके काढायच्या दिवशी घाईनं केलेला सीईए काही सांगत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांनी करा. त्यानंतर पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर ६ महिन्यांनी, असा सर्वसाधारण नेम आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकदा सात रस्त्याला, एकदा पुण्यात मुलाकडे, एकदा गावच्या कलेक्शन सेंटरला, असं केलं की २.८ चं ४.१ झालेलं खरंच वाढलंय की मशीन बदललंय, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि वाढ दिसली तरी आधी तीच तपासणी पुन्हा करतात, मग सीटी स्कॅन. किमो चालू असताना, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिनच्या पहिल्या काही आठवड्यांत, आकडा तात्पुरता उसळी मारू शकतो. त्याला घाबरून किमो सोडू नका.

आमच्या आईचं सीईए ऑपरेशनआधीही २ होतं, आताही २ आहे. म्हणजे सगळं ठीक ना?

ठीक असेलही, पण ते सीईएवरून ठरणार नाही. काही गाठी हे प्रोटीन सोडतच नाहीत. आईची गाठ तशी असेल तर आजार परतला तरी आकडा हलणार नाही असं होऊ शकतं. अशा रुग्णांनी सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये सीके२० पॉझिटिव्ह, सीके७ निगेटिव्ह, सीडीएक्स२ पॉझिटिव्ह असं लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

चांगलंही नाही, वाईटही नाही. गाठ मूळची मोठ्या आतड्यातली आहे का, हे त्यावरून कळतं. लिव्हरमध्ये गाठ सापडली आणि ती कुठून आली हे माहीत नसलं की हीच प्रोटीनं पत्ता देतात. त्यातलं सीडीएक्स२ मात्र थोडं वेगळं आहे. थोड्याच गाठींमध्ये ते नाहीसं झालेलं असतं, आणि अशा गाठी दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला जास्त आक्रमक वागतात, हे २०१६ मध्ये मोठ्या अभ्यासातून पुढे आलं. तुमच्या रिपोर्टमध्ये सीडीएक्स२ निगेटिव्ह असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, ते आवर्जून दाखवा.

एमएमआर तपासणी करायला सांगितली आहे. एवढा खर्च करायलाच हवा का?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पेशी दोन होताना तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. मागावर धागा तुटला की आपला कामगार माग थांबवतो, धागा सांधतो आणि मग पुढे विणतो. न सांधता तसाच चालू ठेवला तर चादरभर फट पडत जाते. पेशीत या सांधण्याला मिसमॅच रिपेअर, थोडक्यात एमएमआर, म्हणतात आणि ते काम करणारी चार प्रोटीनं म्हणजे एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. ती जोडीजोडीनं काम करतात: एमएलएच१ बरोबर पीएमएस२, एमएसएच२ बरोबर एमएसएच६. जोडीतलं मुख्य प्रोटीन गेलं की दुसरंही टिकत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये बहुधा दोन नावं एकदमच ‘लॉस’ म्हणून येतात.

मायक्रोस्कोपखाली हे कसं दिसतं ते सांगते. प्रोटीन असलेलं केंद्रक तपकिरी दिसतं, नसलेलं निळं. गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी असली म्हणून मी लगेच ‘लॉस’ लिहीत नाही. आधी त्यांच्या शेजारी, अगदी खेटून बसलेल्या पांढऱ्या पेशी शोधते. त्या निरोगी असतात, त्यामुळे त्यांची केंद्रकं तपकिरी दिसायलाच हवीत. त्या तपकिरी आणि गाठ निळी, तर प्रोटीन खरोखर गेलं आहे. दोन्ही निळ्या, तर रंगच चढलेला नाही आणि तपासणी पुन्हा करायची.

आतड्याच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण १५ मध्ये यातलं काहीतरी गेलेलं असतं. चौथ्या स्टेजला हे प्रमाण ५ च्या आसपास येतं. तुमचा रुग्ण त्या पंधरांत आहे का, यावर किमो द्यायची की नाही, कुठली द्यायची आणि घरातल्या इतरांना तपासायचं का, हे तिन्ही ठरतं. एवढी माहिती देणारी दुसरी आयएचसी मला तरी माहीत नाही. प्रत्येक रुग्णाची ही व्हावी, वय काहीही असो.

रिपोर्टमध्ये ‘लॉस’ लिहिलंय. म्हणजे आजार बळावलाय?

हा शब्द वाचून रडू कोसळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि दुसऱ्या स्टेजच्या रुग्णासाठी ती बहुधा चांगली बातमी असते. या गाठींमध्ये इतक्या चुका साठलेल्या असतात की शरीराच्या संरक्षक पेशींना त्या परक्या वाटतात आणि त्या गाठीवर तुटून पडतात. स्लाइडवर ते दिसतंही: गाठीभोवती आणि गाठीच्या आत पांढऱ्या पेशींची दाटी झालेली असते. दुसऱ्या स्टेजमध्ये अशा रुग्णांचा आजार परतण्याचं प्रमाण कमी असतं, आणि नुसत्या ५-एफयू प्रकारच्या किमोचा त्यांना फायदा होत नाही. म्हणजे रिपोर्ट वेळेवर आला तर कुणाची तरी सहा महिन्यांची किमो वाचू शकते.

तिसऱ्या स्टेजमध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींत आजार पोचला असेल तर, ऑक्झॅलिप्लॅटिनसह किमो सहसा देतात. ‘लॉस चांगला असतो’ हे कुठेतरी वाचून ती टाळू नका.

चौथ्या स्टेजमध्ये अशा गाठी नेहमीच्या किमोला तितकी दाद देत नाहीत, पण इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या औषधांना, पुष्कळदा उत्तम देतात. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अशा रुग्णांत सुरुवातीपासूनच वापरायला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. २०२२ मध्ये डॉस्टारलिमॅबचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुदाशयाची गाठ असलेले आणि एमएमआर गेलेले पहिले १२ रुग्ण, आणि बाराही जणांची गाठ ऑपरेशन-रेडिएशनशिवाय दिसेनाशी झाली. ही बातमी व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ म्हणून फिरली. ती त्या थोड्या रुग्णांपुरती होती, आणि त्या थोड्यांत आपण आहोत का, हे याच चार प्रोटीनांवरून कळतं. औषधाचा खर्च घर हादरवणारा असतो, हेही खरं. त्यासाठी कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनांबद्दल ऑन्कॉलॉजिस्टना संकोच न करता विचारा.

हे घराण्यात आहे का? माझ्या मुलांना होईल का?

१८९५ ची गोष्ट आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचा पॅथॉलॉजिस्ट होता, माझ्याच पेशातला. त्याच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई एकदा म्हणाली, मी तरुणपणीच आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जाणार, आमच्या घरात सगळे असेच जातात. त्यानं तिचं बोलणं मनावर घेतलं, तिच्या घराण्याची वंशावळ काढली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. घराण्यात चालत येणाऱ्या या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात, डॉ. हेन्री लिंच यांच्या नावावरून. आतड्याच्या शंभर कॅन्सरपैकी सुमारे तीनांच्या मागे तो असतो.

युनिफॉर्म शिवणारी एखादी मावशी माझ्या काउंटरवर ‘आमच्याकडे आजीपण पोटाच्या दुखण्यानं गेली, आत्याचं गर्भाशय काढलं होतं’ असं सांगते, तेव्हा मला वॉर्थिन आठवतो आणि मी पेन उचलून लिहून घेते. तुम्हीही लिहून ठेवा. कोण, कितव्या वर्षी, कशानं. ‘पोटाचं दुखणं’, ‘पाणी झालं होतं’ एवढं माहीत असेल तर तेवढंच लिहा.

रिपोर्टमधून दिशा अशी मिळते. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलं असेल तर लिंचचा संशय मोठा. जनुकीय समुपदेशकाकडे जायलाच हवं. एमएलएच१ आणि पीएमएस२ गेलं असेल तर घाई करू नका. वय झालेल्या रुग्णांत हे बहुतेक वेळा त्या गाठीपुरतंच असतं, आनुवंशिक नसतं. ते ओळखायला आधी बीआरएएफ किंवा मिथायलेशनची (रासायनिक खुणेमुळे जनुक बंद पडलंय का, याची) तपासणी करतात.

लिंच निघालाच, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. मिळाला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीनं आतडं पाहिलं तर गाठ पॉलिप, म्हणजे छोटा कोंब, असतानाच काढून टाकता येते. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून ही गोष्ट लपवणारी घरं मला भेटतात. त्यांची भीती मला कळते. पण लपवल्यामुळे चुकते ती त्याच मुलीची तपासणी. आणि आपल्याकडे नात्यात, मामाकडे मुलगी देण्याची रीत आहे, तिथे एक जास्तीची काळजी: नवरा-बायको दोघांकडे तोच दोष असेल तर मुलाला दोन्हीकडून तो मिळू शकतो आणि लहानपणीच गंभीर कॅन्सर होऊ शकतात. अशा घरात लग्न ठरण्याआधी समुपदेशकाला भेटणं फार मोलाचं.

केआरएएस आणि बीआरएएफ ही पण प्रोटीनंच का?

प्रोटीनंच, पण तपासतो ते त्यांचं जनुक. चौथ्या स्टेजला ही तपासणी लागते. साधारण शंभरातल्या चाळीस गाठींत केआरएएस बदललेलं असतं, आणि अशा रुग्णाला सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही इंजेक्शनं सहसा लागू पडत नाहीत. पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातं. बीआरएएफमधला व्ही६००ई बदल दहापेक्षा कमी टक्के रुग्णांत असतो. पसरलेल्या आजारात तो असेल तर आजार वेगानं पुढे जाण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टर सुरुवातीपासून वेगळी आखणी करतात.

हर्२ तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये असतं ना?

इथेही शंभरात तीन ते पाच जणांत असतं. पसरलेल्या आजारात, केआरएएस न बदललेल्या रुग्णांत, ते पाहण्याला अर्थ आहे.

पी५३ आणि केआय-६७ पण करून घेऊ का?

भविष्य कळावं म्हणून नको. आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्यांच्यावरून कुणी उपचार बदलत नाही. ते पैसे एमएमआरसाठी ठेवा.

मग ‘किती दिवस’ याचं उत्तर कुठे असतं?

सगळ्यात आधी स्टेजमध्ये. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिका ग्रंथींत आजार आहे, लिव्हर-फुप्फुसात पोचला का. ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये किती ग्रंथी तपासल्या तो आकडा शोधा. तो किमान १२ असावा. पाचच ग्रंथी पाहून ‘आजार नाही’ लिहिलं असेल तर ते निर्धास्त होण्यासारखं नाही. जपून ठेवलेल्या आतड्यात ग्रंथी पुन्हा शोधता येतात, तशी विनंती करा. मी स्वतः दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून चरबी बोटांनी चाचपते. हरभऱ्याच्या डाळीएवढी ग्रंथीसुद्धा बोटाला लागते. त्यानंतर कडा मोकळ्या आहेत का, रक्तवाहिन्यांत किंवा नसांभोवती पेशी शिरल्यात का, आतडं फुटलं किंवा बंद पडलं होतं का, हे पाहायचं. प्रोटीनं या सगळ्यात भर घालतात, त्याची जागा घेत नाहीत.

अक्कलकोटच्या काकांना मी हेच सांगितलं, आणि त्यांचं सीटी स्कॅन अजून व्हायचं होतं. टक्केवारी हजारो रुग्णांच्या गोळाबेरजेतून येते. त्यातून एका माणसाची तारीख काढता येत नाही, आणि काढून देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

रिपोर्टमध्ये ‘रंग नीट चढला नाही, तपासणी अनिर्णित’ असं आलंय. चूक कुणाची?

बहुतेक वेळा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो सडू न देणाऱ्या द्रावणात, वेळेवर पडलेला नसतो. एका उन्हाळ्यात माझ्याकडे बाहेरून एक आतडं आलं होतं. लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात कोंबलेलं, न उघडलेलं, वर बोटभर फॉर्मालिन. मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे. बाहेरचा थर टणक झाला होता आणि आत गाठ सडायला लागली होती. चारही प्रोटीनं निळी, शेजारच्या पांढऱ्या पेशीही निळ्या. रुग्ण चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. सुदैवानं त्याच्या बायोप्सीचा जुना ब्लॉक सापडला आणि त्यावर तपासणी झाली. नसता सापडला तर? तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी नातेवाइकांनी न लाजता विचारावं: तुकडा लगेच दहा टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये जाईल ना? फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट असेल ना? आज निघेल की सोमवारपर्यंत पडून राहील? आणि स्वतः नेऊन द्यायचा असेल तर वाटेत दुसरीकडे वळू नका.

संडासवाटे रक्त जातं, पण मूळव्याध आहे. हे सगळं मला कशाला?

मूळव्याध असेलही. पण दुर्बिणीनं न बघता कुणी ठरवलं? आपल्याकडे आतड्याचा कॅन्सर चाळिशीच्या आतही दिसतो, आणि येणाऱ्या फायलींत सहा-आठ महिने मूळव्याधीचं औषध घेतल्याची नोंद मला नेहमीची झाली आहे. रक्त, संडासच्या सवयीत बदल, न कळत घटलेलं वजन, पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरलेलं, यातलं काहीही असेल तर सर्जनला भेटा. एफआयटी नावाची एक स्वस्त तपासणी असते. संडासमधलं माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रोटीन ती पकडते. त्रास नसलेल्यांना चाळणी म्हणून ती ठीक. त्रास असेल तर थेट दुर्बीण.

सोलापुरात कुठे जायचं?

सिव्हिलमध्ये सर्जरीची ओपीडी आहे. कॅन्सरसाठी बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे आपल्यातल्याच अनेकांना ठाऊक नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन येतं. आयएचसीचा खर्च त्यात बसतो का, हे ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा, बिल आल्यावर नाही.

टाटाला जायचंय. ते ब्लॉक मागतायत. ब्लॉक म्हणजे काय आणि तो कसा न्यायचा?

तुमचा तुकडा मेणात बसवून केलेली छोटी वडी म्हणजे ब्लॉक. त्यातून केसापेक्षाही पातळ काप काढून स्लाइड बनतात. पुढच्या साऱ्या तपासण्या, अगदी दोन वर्षांनी निघालेल्या नव्या औषधासाठीची सुद्धा, याच ब्लॉकवर होतात. तो मिळवणं तुमचा हक्क आहे. लॅबमध्ये अर्ज करून, सही करून घ्या. सोबत रिपोर्टची प्रत आणि स्लाइड घ्या. वडी रुमालात गुंडाळून छोट्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाणार असाल तर बॅग बर्थखाली न टाकता उशाशी घ्या. तिथे काउंटरवर ब्लॉकचा नंबर आणि तुमच्या रिपोर्टवरचा नंबर एकच आहे का हे स्वतः ताडून बघा. परत मिळाला की आमच्याकडे आणून जमा करा, नंबर टाकून मी पुन्हा कपाटात ठेवते.